एक स्वस्त गोळी आणि यकृताचा ताळेबंद

दुकानाचा जमाखर्च रोजच्या रोज तपासणारी माणसे स्वतःच्या शरीराचा हिशोब मात्र वर्षानुवर्षे उघडून पाहत नाहीत. पन्नाशीच्या सुमारास विम्याच्या निमित्ताने किंवा समाजाच्या आरोग्य शिबिरात पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ आढळते : ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’. घरातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. ‘आपल्या घरात दारूचा थेंब नाही, मांसाहार नाही, मग यकृताला काय झाले?’ हा पहिला प्रश्न. त्यापाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न अधिक व्यवहारी असतो : ‘यावर गोळी कोणती?’

या दुसऱ्या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर अलीकडे कानी पडू लागले आहे. ते म्हणजे ॲस्पिरिन. हृदयरोग्यांच्या डबीत हमखास सापडणारी, अत्यंत स्वस्त आणि शतकाहून अधिक काळ परिचित असलेली ही गोळी यकृतातील चरबी कमी करते, असे सांगितले जाते. या सांगण्यामागे खरे संशोधन आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु त्या संशोधनात नेमके काय आढळले आणि काय आढळले नाही, हे समजून न घेता कोणी गोळी सुरू केली, अथवा आधीपासून चालू असलेली गोळी घाबरून बंद केली, तर त्याची किंमत जिवावर बेतण्याइतकी मोठी असू शकते. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

मद्याविना होणारा यकृतविकार

निरोगी यकृतात थोडीशी चरबी असतेच. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये ती साठू लागली, म्हणजे त्यास फॅटी लिव्हर म्हणतात. मद्यपान हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली थेट मद्यपींच्या यकृतासारखे दिसत होते. पण ते मद्यपी नव्हते. तेव्हापासून या विकाराच्या नावातच ‘मद्याशी संबंध नसलेला’ असे विशेषण होते. २०२३ मध्ये जगभरातील तज्ज्ञांनी विचारविनिमय करून ते नाव बदलले. नव्या नावात चयापचयातील बिघाडावर भर आहे. कारण विकाराचे मूळ तेथेच आहे.

हा बिघाड कसा होतो, हे समजणे अवघड नाही. खाल्लेल्या अन्नातील साखर स्नायूंनी वापरावी, अशी शरीराची योजना असते. दिवसभर गादीवर वा काउंटरमागे बसून राहणाऱ्या माणसाचे स्नायू ती पुरेशी वापरत नाहीत. पोटाभोवती मेद वाढतो, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि उरलेल्या साखरेचे रूपांतर यकृत चरबीत करत राहते. ही चरबी मांसाहारातूनच यावी लागते असे नाही. मैदा, साखर, फरसाण, मिठाई, शीतपेये आणि डब्यातील फळांचे रस यांतूनही ती तयार होते. शाकाहार आणि निर्व्यसनीपणा यांचे मोल मोठे आहे. तथापि तेवढ्यावर यकृत सुरक्षित राहील, असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार या विकाराचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ३८ टक्के आढळले. त्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्र सरकारने मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्यासाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला होता. भारतीयांमध्ये तो फार स्थूल नसलेल्या माणसांतही दिसतो. त्यामुळे आपल्याकडे वजनाइतकेच लक्ष कमरेच्या घेरावर द्यावे लागते. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

चरबी साठलेल्या प्रत्येकाचे यकृत बिघडतेच असे नाही. बहुसंख्य लोकांत ती वर्षानुवर्षे तशीच राहते. काहींच्या यकृतात मात्र दाह सुरू होतो, दाहामुळे व्रण पडतात, व्रणांच्या जागी कठीण तंतू तयार होतात आणि शेवटी यकृत आकसून सिरोसिस होतो. कोणाची वाटचाल कोणत्या टप्प्यावर थांबेल, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे हे तंतू. चरबीचे प्रमाण तितके निर्णायक नसते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. ॲस्पिरिनचा या कथेत प्रवेश होतो तो येथेच. कारण ज्यांना फॅटी लिव्हर आहे, त्यांपैकी अनेकजण हृदयासाठी ही गोळी आधीपासूनच घेत असतात.

विलो वृक्षापासून यकृतापर्यंत

विलो वृक्षाच्या सालीने ताप उतरतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच जातीचे, पण पोटाला तुलनेने सुसह्य असे रसायन शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये ‘ॲस्पिरिन’ हे नाव रूढ झाले. ते शरीरात नेमके काय करते, हे कळण्यास मात्र आणखी सात दशके लागली. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, वेदना आणि दाह निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती ॲस्पिरिन रोखते. या क्षेत्रातील कार्यासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत मिळाले.

अल्प मात्रेतील ॲस्पिरिनचा मुख्य परिणाम प्लेटलेटवर होतो. रक्त गोठवण्यासाठी एकत्र येणाऱ्या या सूक्ष्म कणांची चिकटण्याची शक्ती ते काढून घेते, आणि तो कण जिवंत असेपर्यंत, म्हणजे सुमारे सात ते दहा दिवस, ती परत येत नाही. हृदयाच्या धमनीत गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी देतात, ती याच कारणाने. प्लेटलेट केवळ रक्त गोठवत नाहीत, तर यकृतातील दाहालाही हातभार लावतात, असे संशोधकांच्या लक्षात आले. मग प्लेटलेटला आवर घातल्यास यकृताचा दाहही आटोक्यात येईल काय, असा प्रश्न पुढे आला.

संशोधनाने काय सांगितले

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉ. ट्रेसी सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा सातत्याने पाठपुरावा केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात यकृताचा तुकडा तपासून निदान निश्चित झालेले ३६१ रुग्ण होते. त्यांपैकी १५१ जण रोज ॲस्पिरिन घेत होते. या रोज घेणाऱ्यांमध्ये यकृतात कठीण तंतू वाढण्याचे प्रमाण कमी दिसले, आणि चार वर्षे वा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत हा फरक अधिक ठळक होता.

हा निष्कर्ष आशादायक असला, तरी त्यात एक उणीव होती. कोणी गोळी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. नियमित गोळी घेणारा माणूस बहुधा नियमित तपासणी करतो, पथ्य पाळतो, डॉक्टरांचे ऐकतो. मग त्याचे यकृत सुधारले ते गोळीमुळे की पथ्यामुळे, हे सांगता येत नाही. ज्या ग्राहकांचे हप्ते वेळेवर येतात त्यांच्याकडे छत्र्याही चांगल्या असतात, म्हणून छत्रीमुळे हप्ते वेळेवर येतात असे कोणी म्हणत नाही.

ही शंका दूर करण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून चाचणी करावी लागते. तशी चाचणी त्याच रुग्णालयात झाली आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फॅटी लिव्हर असलेल्या, परंतु सिरोसिस नसलेल्या ८० प्रौढांचे ४०-४० असे दोन गट केले. एका गटास रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि दुसऱ्यास तशीच दिसणारी औषधरहित गोळी सहा महिने दिली. आरंभी यकृतातील चरबीचे सरासरी प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते. सहा महिन्यांनंतर विशेष एमआरआय तंत्राने मोजले असता ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ते सरासरी ६.६ टक्के अंकांनी घटले होते, तर औषधरहित गोळी घेणाऱ्यांत ३.६ अंकांनी वाढले होते. दोन गटांतील फरक १०.२ अंकांचा झाला. गोळीमुळे झालेला म्हणता येईल असा त्रास एकालाच झाला, आणि तो छातीत जळजळ एवढाच होता.

आकडे प्रभावी आहेत, यात शंका नाही. तरीही संशोधकांनी स्वतःच या चाचणीला प्राथमिक म्हटले आणि मोठ्या चाचणीची गरज नोंदवली. त्याची कारणे समजून घ्यावीत. चाचणीत अवघी ८० माणसे होती. त्यांपैकी ७१ जणांनी शेवटपर्यंत साथ दिली. ती एकाच रुग्णालयात झाली. कालावधी सहा महिन्यांचा होता, तर यकृतातील तंतू वाढण्यास वा विरघळण्यास वर्षे लागतात. मुख्यतः मोजली गेली ती चरबी. गोळी घेणाऱ्यांना पुढे सिरोसिस कमी झाला का, कर्करोग टळला का, आयुष्य वाढले का, या प्रश्नांची उत्तरे एवढ्या लहान आणि अल्पकालीन चाचणीतून मिळणे शक्यच नव्हते. एका सहामाहीची विक्री वाढली म्हणून कोणी पेढीचा वीस वर्षांचा नफा जाहीर करत नाही, तसेच हे आहे.

मोठी चाचणी सहजासहजी का होत नाही, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागणार नाही. ॲस्पिरिनवर कोणाचेही पेटंट उरलेले नाही. हजारो रुग्णांवर अनेक वर्षे चाचणी करण्याचा खर्च उचलून त्यातून नफा मिळेल, अशी कोणत्याही कंपनीची स्थिती नाही. योगायोग असा की, त्याच मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत या विकारावरील पहिल्या खास औषधास, रेस्मेटिरोम यास, मान्यता मिळाली; आणि ते औषध अतिशय महाग आहे. अशा परिस्थितीत काही पैशांची गोळी उपयोगी ठरली, तर ती गरीब देशांसाठी मोठीच देणगी होईल. म्हणून संशोधकांचा प्रयत्न मोलाचा आहे. मात्र ‘उपयोगी ठरली तर’ हे शब्द अद्याप पुसता येत नाहीत.

खर्चाची बाजू

आता खातेवहीचे दुसरे पान पाहू. जो गुण ॲस्पिरिनला उपयुक्त बनवतो, तोच त्याला धोकादायक बनवतो. रक्त गोठू न देणारी गोळी रक्तस्राव थांबूही देत नाही. शिवाय जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही ती कमी करते. त्यामुळे पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. गोळीवर आतड्यात विरघळणारे वेष्टन असले, म्हणजे धोका संपला, असे अनेकांना वाटते. परंतु परिणाम रक्तावाटे होत असल्याने वेष्टनाने तो टळत नाही.

हा धोका किती, याचे उत्तर देणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने अपंगत्वाविना जगण्याचा काळ वाढला नाही. उलट मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण २.८ टक्क्यांवरून ३.८ टक्के झाले. ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेही व्यक्तींवर सरासरी सात वर्षांहून अधिक काळ झालेल्या चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आल्या, परंतु मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. म्हणजे एका खात्यात जमा झालेली रक्कम बहुतांशी दुसऱ्या खात्यातून वजा झाली. या निष्कर्षांनंतर अमेरिकेतील अधिकृत कृतिदलाने २०२२ मध्ये असा सल्ला दिला की, ज्यांना हृदयविकार नाही अशा ६० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींनी केवळ प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये.

हे आकडे फॅटी लिव्हरच्या रुग्णांना विशेष लागू पडतात. कारण त्यांत मधुमेही आणि साठी ओलांडलेले लोक पुष्कळ असतात. ज्यांचे यकृत सिरोसिसपर्यंत पोहोचले आहे, त्यांची गोष्ट तर आणखी गंभीर. त्यांच्या अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असू शकतात, प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि रक्त गोठवणारे घटक यकृतात पुरेसे तयार होत नाहीत. अशा माणसाने ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन घेणे म्हणजे आगीशी खेळ होय. सिरोसिस आहे, हे कित्येकांना स्वतःलाच ठाऊक नसते, ही यातील खरी भीती आहे.

आपल्या घरांत विशेष ध्यानात ठेवाव्यात अशा काही बाबी आहेत. गुडघेदुखी वा पाठदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. ॲस्पिरिनसोबत त्या घेतल्यास पोटातील रक्तस्रावाचा धोका अनेक पटींनी वाढतो. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल, तर तापासाठी ॲस्पिरिन घेऊ नये. आधीपासून चालू असल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन मुळीच देऊ नये; त्यातून राय सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदू यांवर आघात करणारा दुर्मीळ पण भयंकर विकार उद्भवू शकतो. उपवास, एकासणे वा अठ्ठाईसारखी तपस्या करणाऱ्यांनी रिकाम्या पोटी ही गोळी घ्यावी किंवा कसे, हे पारण्याच्या दिवशी नव्हे, तर तपस्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला, तर उद्यावर न टाकता रुग्णालय गाठावे.

बंद करण्यातील धोका

वरील मजकूर वाचून कोणी चालू असलेली ॲस्पिरिन बंद करू पाहील, तर ती चूकही तितकीच मोठी ठरेल. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या धमनीत स्टेंट बसवला आहे, बायपास शस्त्रक्रिया झाली आहे किंवा गुठळीमुळे अर्धांगवायू झाला आहे, त्यांच्यासाठी या गोळीचा लाभ धोक्यापेक्षा निःसंशय अधिक आहे. दात काढायचा आहे, ॲसिडिटी झाली आहे किंवा यात्रेत डबी घरी राहिली, अशा कारणांनी परस्पर गोळी थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. फॅटी लिव्हरचे निदान झाले, एवढ्यावरूनही ती थांबवण्याचे कारण नसते. तात्पर्य, सुरू करणे आणि बंद करणे या दोन्ही निर्णयांवर डॉक्टरांची स्वाक्षरी असली पाहिजे.

स्वतः करता येईल असा पहिला हिशोब

सोनोग्राफीतील ग्रेड चरबीचा अंदाज देतो, तंतूंचा नव्हे. म्हणून ‘ग्रेड एक आहे, चिंता नको’ किंवा ‘ग्रेड दोन आहे, आता संपले’ हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. तंतूंचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी डॉक्टर ‘फिब-४’ नावाचे साधे गणित करतात. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटची संख्या एवढेच पुरते. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे.

उदाहरणार्थ, वय ५४, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १ लाख ८० हजार. ५४ गुणिले ४० म्हणजे २१६०. चौसष्टचे वर्गमूळ ८. १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. भागाकार १.५. हा अंक १.३ हून कमी असल्यास गंभीर तंतूंची शक्यता कमी असते, २.६७ हून अधिक असल्यास तज्ज्ञांकडे त्वरित जावे. दरम्यान असल्यास यकृताचा ताठरपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी तपासणी करून घेणे योग्य. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतील व्यक्तींत हे गणित फारसे भरवशाचे नसते. हा अंक निदान नव्हे, डॉक्टरांशी बोलण्याचा आरंभ आहे. उदाहरणातील एसजीओटी आणि एसजीपीटीचे आकडे पाहून कोणी घाबरले नसते, तरीही पुढील तपासणीची गरज दिसून आली, हे मात्र लक्षात घ्यावे.

ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे

यकृत सुधारण्याचा एक उपाय गेली अनेक वर्षे सिद्ध आहे. त्याला वेष्टन नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही. क्युबामध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृतदाहापर्यंत पोहोचलेल्या २९३ रुग्णांनी वर्षभर आहारनियंत्रण आणि व्यायाम केला. ज्यांचे वजन दहा टक्के वा अधिक घटले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांतील यकृतदाह नाहीसा झाला आणि ४५ टक्के रुग्णांत तंतूही मागे हटले. मात्र निदान पाच टक्के वजन कमी करणे सर्व रुग्णांपैकी केवळ ३० टक्क्यांनाच जमले, हेही त्याच अभ्यासाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. उपाय ठाऊक आहे. अवघड आहे ते सातत्य.

ऐंशी किलो वजनाच्या माणसाला दहा टक्के म्हणजे आठ किलो. आठवड्याला अर्धा किलो या गतीने ते चार महिन्यांत साधते. याहून फार घाईने वजन उतरवणे यकृताला मानवतेच असे नाही. आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालणे, दुकानात दर तासाला पाच मिनिटे उठणे, चहातील साखर आणि शीतपेये बंद करणे, फरसाणाच्या जागी मोड आलेली कडधान्ये व भाजलेले चणे ठेवणे, आणि मधुमेह, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, एवढ्याने बहुतेकांचे यकृत सुधारू लागते. घरातील स्वयंपाक सर्वांचा एकच असल्याने हा बदल एका माणसापुरता राहत नाही. त्याचा लाभ पुढच्या पिढीलाही होतो, आणि तिला त्याची गरज अधिक आहे.

ॲस्पिरिनबद्दलचा शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही. मोठ्या चाचण्यांतून लाभ सिद्ध झाला, तर उद्या हीच गोळी योग्य रुग्णाला डॉक्टर स्वतः लिहून देतील, आणि ती परवडणार नाही असे घर क्वचितच असेल. तोपर्यंत ज्याच्या चिठ्ठीवर ती आहे त्याने ती चुकवू नये, आणि ज्याच्या चिठ्ठीवर नाही त्याने दुसऱ्याच्या डबीतून घेऊ नये. सोनोग्राफीचा अहवाल कपाटात ठेवण्यापूर्वी रक्ततपासणीचे आकडे घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसावे. यकृत दीर्घकाळ तक्रार न करता काम करत राहते. त्याची तक्रार ऐकू येईपर्यंत थांबणे कोणाच्याही हिताचे नाही.